खिडकीखालची खिडकी

आमच्या घराला सात खिडक्या आहेत आणि त्या सातही जणी आपापल्या जागीं राहतात. एकीनें दुसरीच्या अंगावर येऊन बसावें, किंवा पश्चिमेची खिडकी उघडली म्हणून पूर्वेची दिसेनाशी व्हावी, असा प्रकार गेल्या चाळीस वर्षांत एकदांही घडलेला नाहीं. त्यामुळें सत्तरी उलटल्यावर जेव्हां माझ्या टेबलावर संगणक आला, आणि त्याच्या पडद्यावर उघडणाऱ्या प्रत्येक चौकटीला खिडकी म्हणतात असें मला सांगण्यांत आलें, तेव्हां हें नांव ठेवणाऱ्या गृहस्थानें जन्मांत कधीं घर बांधलें नसावें अशी माझी खात्री झाली. या खिडकींतून वारा येत नाहीं, रस्त्यावरचें माणूस दिसत नाहीं, आणि पावसाची झडही येत नाहीं. एक उघडली कीं ती पहिलीच्या अंगावर उघडते, तिसरी दुसरीच्या. सर्वांत वर जी असेल तीच काय ती खिडकी. बाकीच्यांच्या भिंती झालेल्या असतात.

मला कोणी विचारलें असतें तर मीं त्यांना उतरंडीचीं मडकीं म्हटलें असतें. माझ्या लहानपणीं मेहकरच्या आमच्या घरांत, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, आईची उतरंड होती. खालीं मोठा डेरा, त्यावर मडकें, मडक्यावर गाडगें, आणि सर्वांत वर एक बोळकें. वरच्या बोळक्यांतलें तिखटमीठ सर्वांच्या हातचें. पण तळच्या डेऱ्यांत काय आहे तें फक्त आईला ठाऊक. तें पाहावयाचें म्हणजे वरचीं तिन्ही भांडीं एकेक करून खालीं उतरवावयाचीं, आणि पुन्हां तशींच रचावयाचीं. संगणकाची उतरंड याहून सोयीची आहे हें कबूल केलें पाहिजे. तळच्या मडक्याला नुसतें बोट लावलें कीं तें वर येऊन बसतें, आणि मधलें एकही फुटत नाहीं. पण या सोयीमुळेंच आपण एका उतरंडीसमोर बसलों आहों याचा माणसाला विसर पडतो.

ही युक्ति अमेरिकेंत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत आकाराला आली. तेथें १९७३ सालीं 'आल्टो' नांवाचा संगणक तयार झाला, आणि त्यावर काम करणाऱ्या मंडळींनीं, टेबलावर एकावर एक कागद पडलेले असतात तशाच चौकटी पुढें पडद्यावर रचून दाखविल्या. पडदा वीतभर आणि कामें हातभर, तेव्हां एकावर एक ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं, असा तो सरळ विचार होता. दुसरा मार्ग कोणीं करून पाहिला नाहीं असें मात्र नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या १९८५ सालच्या पहिल्या 'विंडोज'मध्यें खिडक्या एकमेकींवर चढत नसत. फरशा बसवाव्या तशा त्या शेजारीं शेजारीं बसत. दोनच वर्षांनीं दुसरी आवृत्ति निघाली आणि त्यांनाही एकमेकींच्या डोक्यावर बसण्याची मुभा मिळाली. मला स्वतःला ती फरशांची व्यवस्था आवडली असती. जें आहे तें डोळ्यांपुढें. कमी दिसेल, पण लपणार कांहीं नाहीं.

लपण्याचा हा विषय माझ्या मनांत कां घोळतो आहे तें सांगण्यासाठीं माझ्या वडील बहिणीविषयीं थोडें सांगावें लागेल.

आमचा बुलढाणा जिल्हा एका अर्थानें दोन मजल्यांचा आहे. घाटावरचे आणि घाटाखालचे, अशीच आम्ही एकमेकांची ओळख सांगतों. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगांवराजा हे वरच्या मजल्यावर. मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव-जामोद हे खालच्या. आणि मध्यें अजिंठ्याच्या डोंगराची कड. अक्का घाटावर जन्मली आणि लग्न होऊन नांदुऱ्यास गेली, म्हणजे घाट उतरली. मे महिन्यांत खालीं पारा चव्वेचाळिसाच्या पुढें सरकला कीं तिचा मुलगा तिला राजूर घाटानें वर आणून बुलढाण्यास माझ्याकडे पोंचवितो. ती आतां सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि मी पंचाहत्तर. तरी सकाळीं मी डोक्याला रुमाल न बांधतां बाहेर पडलों तर तिची हांक मला फाटकापाशीं गांठते.

तिच्या आठवणी लिहून घ्याव्या ही कल्पना माझ्या पुण्याच्या पुतण्याची. तो संगणकाच्या धंद्यांत आहे, आणि त्या धंद्यांतल्या माणसांना सर्व गोष्टी कोठेंतरी सांठवून ठेवण्याचा मोह असतो. त्यानें आमच्या घराण्यांतल्या माणसांचीं नांवें आणि जन्ममृत्यूचीं सालें इंग्रजी अक्षरांत लिहून एक फाइल पाठविली, आणि "काका, याच्या खालींच लिहीत जा" असें कळविलें. मी लिहिण्यासाठीं जें साधन वापरतों त्याला 'टेक्स्ट एडिटर' म्हणतात, म्हणजे मजकुराचा संपादक. मासिकांच्या संपादकांनीं रागावूं नये, पण हा संपादक फार गरीब प्राणी आहे. तो कांहीं सुचवीत नाहीं, कांहीं कापीत नाहीं, आणि साभार परतही करीत नाहीं. तुम्ही जें अक्षर दाबाल तें तो पडद्यावर मांडतो आणि पुढच्या अक्षराची वाट पाहत बसतो. माझ्यासारख्या, मोठ्या यंत्राला भिणाऱ्या माणसाला तो पुरेसा होता.

दुपारचीं जेवणें झालीं कीं अक्का माझ्या शेजारीं वेताच्या खुर्चींत बसे आणि सांगे. मी लिहीत असें. अक्षरें मीं मुद्दाम बोटभर उंचीचीं करून ठेवलीं होतीं, त्यामुळें आपलें बोलणें पडद्यावर उमटतांना तिलाही दिसे. मधूनमधून एखादें साल पडताळून पाहावें लागे. वडिलांच्या हातच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्यांचीं छायाचित्रें त्याच संगणकांत ठेवलेलीं आहेत. त्यांतलें पान उघडलें कीं छायाचित्राची खिडकी वर येई आणि लिहिलेला मजकूर तिच्याखालीं जाई. त्यासरशीं अक्का विचारी, "गेलं का रे?"

"नाहीं गेलं, अक्का. खालीं आहे."

"मग दिसत कां नाहीं?"

दिवसांतून वीस वेळां हा संवाद होई. पहिल्या दिवशीं मला हसूं आलें, तिसऱ्या दिवशीं कंटाळा. पुढें पुतण्याशीं बोलतांना कळलें कीं अक्काचा प्रश्न मुळींच अडाणीपणाचा नव्हता. पूर्वीच्या संगणकांत खिडकीचा जो भाग झांकला जाई तो बहुधा खरोखरच नाहींसा होत असे. यंत्राजवळ स्मरणाची जागा इतकी थोडी, कीं जें दिसत नाहीं त्याचें चित्र सांभाळून ठेवणें त्याला परवडत नसे. वरची खिडकी दूर झाली म्हणजे खालच्या कार्यक्रमाला निरोप जाई, 'तुझा हा कोपरा उघडा पडला आहे, पुन्हां काढ', आणि तो बिचारा धांवत येऊन तेवढा कोपरा नव्यानें रंगवी. प्रत्येक खिडकीचें चित्र झांकलेलें असतांनाही अखंड जपून ठेवण्याची चैन घरगुती संगणकांना गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच परवडूं लागली आहे. माझी बहीण ज्या गोष्टीला भीत होती ती गोष्ट एके काळीं खरी होती.

पण हें ज्ञान मला मागाहून झालें. त्या वेळीं मीं कंटाळून एक उपाय केला. संपादकाच्या यादींत 'नेहमीं वर' अशा अर्थाचें एक कलम होतें. तें मीं निवडलें. त्या क्षणापासून लिहिण्याची खिडकी सर्वांच्या डोक्यावर जाऊन बसली. आतां वहीचें पान उघडलें तरी तें तिच्या कडेनें जेवढें दिसेल तेवढेंच दिसावयाचें. अक्काचा मजकूर कोणाच्याही खालीं जाणार नव्हता. तिचा प्रश्न बंद झाला आणि मी स्वतःवर खूष झालों.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांतली ती दुपार. पुतण्याची फाइल मीं त्या दिवशीं प्रथमच उघडली होती. आधींचें लिखाण निराळ्या ठिकाणीं होतें. अक्काला बोलण्याचा हुरूप आला होता. १९५० आणि १९५१ सालांतलें मेहकर, नदीवरचें पाणी, आमचें घर, आईचें आजारपण, असें तिचें चाललें होतें, आणि माझीं बोटें तिच्या मागोमाग धांवत होतीं. लिहितां लिहितां लिहिलेलें सांठवून ठेवावें, हा या विद्येंतला पहिला धडा. तो मीं तीन तास विसरलों.

पावणेचार वाजतां वीज गेली. संगणकाच्या पायाशीं यूपीएसची पेटी आहे; वीज गेल्यावर ती पंधरावीस मिनिटें यंत्राला जगविते, आणि तितका वेळ दर कांहीं सेकंदांनीं टीं-टीं करून आपल्या आयुष्याचा हिशेब सांगत राहते. मीं लगबगीनें कंट्रोल आणि एस हीं दोन बटणें दाबलीं. कांहीं झालें नाहीं. एक अक्षर दाबून पाहिलें. तें उमटलें नाहीं. माउसनें मजकुरावर टिचकी मारली. 'टण्' असा आवाज झाला आणि सर्व जागच्या जागीं. पुन्हां मारली; पुन्हां 'टण्'. कोणी दार आंतून लावून घ्यावें आणि आपण बाहेरून कडी वाजवीत राहावें, तसें झालें.

मीं पुण्यास फोन लावला.

"काका, हँग झालाय तो. बंद करा आणि पुन्हां उघडा."

"आणि लिहिलेलं?"

"सेव्ह केलं होतंत ना?"

मी बोललों नाहीं. त्यालाही तें समजलें. "मीटिंगमध्यें आहे, बाहेर येऊन दोन मिनिटांत फोन करतों. तोंवर कशालाही हात लावूं नका," असें म्हणून त्यानें फोन ठेवला.

हात लावूं नका म्हटल्यावर डोळ्यांवांचून दुसरें कांहीं वापरण्यासारखें उरलें नाहीं. मी पडद्याकडे पाहत बसलों, आणि तीन तासांत प्रथमच, मीं जें लिहिलें होतें तें वाचलें. वरून नव्हे, खालून. शेवटच्या ओळी अशा होत्या:

'गुरुजी दोनदां घरीं येऊन गेले. म्हणाले पोर हुशार आहे. पण आई अंथरुणावर, बाळाला कोण बघणार. मग दप्तर फळीवर ठेवलं तें ठेवलंच. हें तूं लिहिणार आहेस का.'

शेवटचें वाक्य मीं दोनदां वाचलें. त्याच्यापुढें मीं प्रश्नचिन्हही दिलेलें नव्हतें. तें आठवणींतलें वाक्यच नव्हतें. अक्कानें तें मला विचारलें होतें, आणि मीं तें विश्वासू कारकुनासारखें लिहून टाकून पुढच्या वाक्याची वाट पाहिली होती. पुढचें वाक्य आलें नाहीं तेव्हां ती दमली असेल असें मला वाटलें. नंतर वीज गेली आणि मी यंत्राच्या मागें लागलों. माझ्या शेजारीं ती वेताच्या खुर्चींत हात मांडीवर ठेवून बसलेली होती आणि माझ्याकडेच पाहत होती. किती वेळ पाहत होती कोण जाणे.

आमच्या घरांत १९५१ सालीं बाळ एकच होतें.

अक्काची शाळा सहावींतच सुटली हें मला ठाऊक होतें. त्या काळीं मुलींच्या शाळा सुटतच, आणि त्याला निराळें कारण असावें लागतें हें कधीं माझ्या मनांत आलें नव्हतें. मी शिकलों, पुढें अमरावतीस कॉलेजांत गेलों, मास्तर झालों, आणि पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलींना शाळा सोडूं नका म्हणून सांगत हिंडलों.

"अक्का," मी म्हणालों.

"आधीं तें तुझं बघ," ती म्हणाली. "तो फोन वाजतोय."

पुतण्यानें या वेळीं घाई केली नाहीं. "टिचकी मारल्यावर आवाज येतो का?" त्यानें विचारलें. येतो, मीं सांगितलें. "मग तो हँग नाहीं. हँग झालेला कार्यक्रम असा आवाज करीत नाहीं, मुकाट पडून राहतो. यानं तुम्हांला कांहींतरी विचारलंय, आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत तो दुसरं कांहीं ऐकणार नाहीं."

"पण प्रश्न कोठें आहे?"

"खालीं असेल."

आमच्या भागांत लोणारच्या सरोवराची गोष्ट न ऐकलेलें मूल नसतें. लवणासुर जमिनीखालच्या विवरांत लपून राही. देव दैत्यसूदन होऊन आला, त्याला त्या दैत्याच्या बहिणींनींच जागा दाखविली, आणि त्यानें पायाच्या अंगठ्यानें विवराचें झांकण उडवून दिलें. ही गोष्ट मला पहिल्यानें अक्कानेंच सांगितली होती, आणि तें झांकण केवढें मोठें असेल या विचारानें मी रात्रभर जागा राहिलों होतों. पुतण्या फोनवर 'खालीं' म्हणाला तेव्हां मला तें झांकण आठवलें. माझें झांकण मींच बसविलें होतें, आणि तें उडविण्याची सोय नव्हती. कारण उत्तर मिळेपर्यंत संपादकाची खिडकी जागची हलावयास तयार नव्हती. हलवावयाची ती खालचीच.

तें कसें केलें तें सांगतों, कारण कोणाला तरी उपयोगीं पडेल. ऑल्ट दाबून धरून टॅब दाबलें म्हणजे उघड्या असलेल्या सर्व खिडक्यांचीं लहान लहान चित्रें एका रांगेंत येतात. त्या रांगेंत आमच्या संपादकाच्या नांवाचीं दोन चित्रें होतीं. एक मोठें, एक अगदीं चिमुकलें. चिमुकलें निवडलें. पडद्यावर कांहींच बदललें नाहीं. पण पुतण्या म्हणाला, आतां ती जागी झाली आहे, फक्त दिसत नाहीं. मग ऑल्ट आणि मोकळ्या जागेचें लांब बटण एकदम दाबलें, त्यानंतर एम, आणि मग उजवीकडच्या बाणाचें बटण दाबून धरलें. यूपीएस टीं-टीं करीत होता. दहाबारा सेकंद कांहीं दिसेना. आणि मग माझ्या त्या नेहमीं वर बसणाऱ्या खिडकीच्या उजव्या कडेखालून, पुस्तकाखालीं दडपलेली चिठ्ठी ओढून काढावी तशी, एक लहान करडी चौकट हळूं हळूं बाहेर आली.

तिच्यावर इंग्रजींत लिहिलें होतें कीं, या मजकुरांत कांहीं अक्षरें अशीं आहेत जीं या फाइलीच्या लिपिसंकेतांत ठेवतां येत नाहींत. ठेवल्यास तीं नष्ट होतील. पुढें जावयाचें काय? खालीं दोन बटणें होतीं. 'हो' हें आधींच उजळलेलें होतें.

मीं वाचून दाखविलें तसा पुतण्या जवळजवळ ओरडलाच, "काका, एंटर दाबूं नका!"

त्यानें पाठविलेली फाइल जुन्या संकेतांत होती. त्या संकेतांत इंग्रजी अक्षरें, आंकडे आणि युरोपांतलीं कांहीं चिन्हें एवढ्यांनाच जागा आहे, देवनागरीला नाहीं. देवनागरीला जगाच्या सामाईक यादींत स्वतःच्या जागा मिळाल्या त्या १९९१ सालीं, 'युनिकोड'ची पहिली आवृत्ति निघाली तेव्हां. ती यादी फाइलींत उतरविण्याची जी यूटीएफ-८ नांवाची पद्धत आज सर्वत्र चालते ती १९९२ सालची. जुन्या संकेतांत मराठी मजकूर कोंबला तर यंत्र तक्रार करीत नाहीं. ज्या अक्षराला जागा नाहीं त्याच्या ठिकाणीं तें एक प्रश्नचिन्ह लिहितें. म्हणजे मीं एंटर दाबलें असतें तर आमच्या घराण्याचीं नांवें इंग्रजींत जशींच्या तशीं राहिलीं असतीं, आणि त्याखालीं अक्काच्या तीन तासांच्या बोलण्याच्या जागीं ओळींमागून ओळी प्रश्नचिन्हांच्या. त्या अर्ध्या घटकेंत मीं चिडून दहाबारा बटणें दाबलीं होतीं. त्यांत एंटर नव्हतें, याला माझें शहाणपण कारण नाहीं.

'नको' दाबलें. करडी चौकट मिटली आणि संपादक शुद्धीवर आला. नव्या नांवानें, यूटीएफ-८ निवडून, मजकूर सांठविला, दोनदां सांठविला. मग संगणक रीतसर बंद केला. त्यानंतर तीन-चार मिनिटांत पेटीनें शेवटची टीं केली.

खोलींत अंधार वाटूं लागला म्हणून मीं पश्चिमेची खिडकी उघडली; ती खरी. ऊन अंगणांत उतरलें होतें. अक्का म्हणाली, "राहिलं का?"

"राहिलं. अक्का, तूं मघां मला विचारलंस."

"विचारलं."

"मला हें माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? तूं सहा महिन्यांचा होतास." ती थोडा वेळ थांबली. "अरे, तुझा काय दोष त्यांत? आईचाही नाहीं. म्हणून तर विचारलं. लिहायचं तर लिही, पण आईला बोल लागेल असं लिहूं नकोस. आणि तुला वाईट वाटावं म्हणूनही मी सांगितलं नाहीं. तूं सगळं लिहून घेतोस म्हणालास, म्हणून सांगितलं."

मग ती पुढचें बोलली. वीज संध्याकाळीं सातला आली, आणि तोंवर ती जें बोलली तें मीं कशावरही उतरवून घेतलें नाहीं. दप्तर फळीवर ठेवल्यानंतरही गुरुजी तिला वाचावयास पुस्तकें पाठवीत, आणि मला मांडीवर थोपटीत ती तीं वाची. एका पुस्तकाचीं दोन पानें मीं फाडलीं, तीं तिनें गव्हाच्या खळीनें चिकटविलीं आणि तें परत करतांना ती रडली. हें तिनें हसत सांगितलें.

रात्रीं पुतण्यानें पुन्हां फोन करून मला या अपघाताचें शास्त्र समजावून सांगितलें. खिडक्यांची उतरंड रचण्याचें काम एका कारभाऱ्याकडे असतें. त्याच्याजवळ जातिभेद पुष्कळ आहेत. साध्या खिडक्यांचा एक थर. 'नेहमीं वर' असा शिक्का मिळालेल्यांचा त्यावरचा दुसरा. आणि खालच्या थरांतली खिडकी, ती कितीही निकडीची असो, वरच्या थरांत आपण होऊन जाऊं शकत नाहीं. प्रश्न विचारावयास येणाऱ्या लहान खिडकीनें मात्र 'मी अमकीची' असें आपल्या धनिणीचें नांव सांगावें असा नियम आहे. नांव सांगितलें कीं कारभारी तिला धनिणीच्या डोक्यावर बसवितो, आणि धनीण कोठेंही गेली तरी ती तिच्या वरच राहते. आमच्या संपादकाच्या कर्त्यानें हें नांव सांगावयाचें ठेविलें होतें. सामान्य दिवशीं त्यावांचून अडत नाहीं. नवी खिडकी सहसा वरच उघडते. पण मीं मोठ्या खिडकीला उच्चासन दिलेलें, आणि ही पोरकी. म्हणून कारभाऱ्यानें तिला खालच्या थरांत बसविलें. गंमत अशी कीं, धनिणीचें नांव न सांगणाऱ्या त्या चौकटीनें धनिणीचें दार मात्र लावून घेतलें होतें.

"म्हणजे चूक त्या कर्त्याची," पुतण्या म्हणाला.

मला तें सर्वस्वी पटलें नाहीं. कर्त्यानें हयगय केली हें खरें, आणि 'हो' हें बटण आधीं उजळून ठेवणें हा तर अविचारच. जेथें नाश होण्याचा संभव आहे तेथें यंत्रानें 'नको'वर बोट ठेवून उभें राहावें. पण उच्चासन कोणीं दिलें? अक्कानें वीस वेळां विचारलेल्या प्रश्नाला एकविसाव्यांदा उत्तर द्यावयाचा मला कंटाळा आला होता, एवढेंच त्या 'नेहमीं वर'चें मूळ. पुतण्याला मी यांतलें कांहीं बोललों नाहीं. त्यानें फाइल जुन्या संकेतांत पाठविली होती याचीही मीं त्याला आठवण दिली नाहीं. ती त्याला आधींच झाली असावी, कारण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच नांवांची नवी फाइल आली.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही पुन्हां बसलों. मीं 'नेहमीं वर'चें कलम काढून टाकलें. शाळेचा भाग मीं लिहिला, गुरुजींच्या पुस्तकांसकट, आणि लिहितांना दर दोन वाक्यांनंतर थांबून अक्काकडे पाहिलें. तिनें सांगितलें तसें लिहिलें. आईच्या आजारपणाविषयींचें एक वाक्य ती म्हणाली आणि लगेच "हें नको" म्हणाली. तें लिहिलें नाहीं.

मग दप्तर कोणत्या महिन्यांत फळीवर गेलें तें पाहण्यासाठीं मीं वडिलांची वही उघडली. १९५१ सालच्या जून महिन्याचें पान वर आलें: मिठाचे, रॉकेलचे, औषधाचे आणे-पै, आणि शाळेच्या फीच्या रकान्यांत आडवी रेघ. अक्काचा मजकूर त्याच्या खालीं गेला.

"गेलं का रे?"

"नाहीं, अक्का. खालीं आहे."

"बघूं."

मीं वहीचें पान बाजूला केलें आणि तिला दाखविलें.